पालथं पुस्तक

आमच्या घरात कुठलीही वस्तू पालथी ठेवायची सोय नव्हती. भांडी घासली की लोक ती निथळायला उपडी घालतात. आमच्याकडे ती भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची, मग पाणी निथळो नाहीतर न निथळो. टोपली उताणी, सूप उताणं, आंघोळीचा तांब्यासुद्धा तोंड वर करून बादलीत तरंगत ठेवायचा. बा, म्हणजे माझे वडील, बोट घेऊन समुद्रावर गेले की हा नेम आणखी कडक व्हायचा. घरात पालथी पडलेली वस्तू म्हणजे समुद्रात पालथी झालेली बोट, इतका सरळ हिशेब होता तो. नवापूरच्या आमच्या आळीत ज्यांच्या ज्यांच्या बोटी होत्या त्या सगळ्या घरांत थोडाफार असाच नेम होता. माझी काकी चिंचणीकडच्या बागायतदारांची लेक. ती नवी नवरी असताना तिनं भाताचं पातेलं धुऊन चक्क उपडं घातलं. बा आणि काका त्या वेळी एकाच बोटीवर बाहेर होते. आईनं ते पातेलं सरळ केलं आणि दोघं परत येईपर्यंत काकीशी एक शब्द बोलली नाही. काकी बिचारी कोपऱ्यात बसून रडायची आणि आपण नक्की काय केलं ते मला हळूच विचारायची. मी तिला समजावून सांगायची. मला ते चालता येण्याआधीपासून माहीत होतं.

मी जात्याच भित्री. लपवून उपयोग नाही, माझ्या सुनेला आणि नातीला ते पक्कं ठाऊक आहे. अजूनही घरातलं कुणी सांगितल्या वेळेला आलं नाही की मी दारात जाऊन उभी राहते, आणि दोघी मागून हसतात. हसू देत. आमच्या लहानपणी आजच्यासारखे मोबाईल नव्हते. बोट दिसेनाशी झाली की तिच्यावरच्या माणसांचं काय चाललंय ते परत येईपर्यंत कळायचं नाही. त्या दिवसांत सगळी आळी कानांनी जगायची. बायका दिवसभर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत घालायच्या, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर जोडीजोडीनं टांगायच्या, तोंडानं अखंड बडबड चालू असायची, आणि लांबून इंजिनाचा आवाज आला की सगळ्या एकदम गप्प. कुणाचं इंजिन कसं खोकतं ते प्रत्येकीला ओळखू यायचं. ज्या घरची बोट असेल तिथली बाई हात पुसत उठायची, बाकीच्या पुन्हा कामाला लागायच्या. बा बाहेर असला की आई स्वयंपाकही कसातरी करायची. तांदळाची भाकर आणि कांदा घालून परतलेला सुका जवळा, बास. तेच जेवण बा घरी आल्यावर किती चवीचं लागायचं आणि तो नसताना घशात कसं अडकायचं, हे मला आजही सांगता येईल.

शाळा गावाच्या वरच्या अंगाला. चौथीपर्यंतचे वर्ग, पुढे लांबलचक व्हरांडा, आणि आत एक काचेचं कपाट. त्या कपाटात पुस्तकं होती, पण आम्ही ती काचेतूनच बघायचो, कारण मुलं पुस्तकं फाडतात म्हणून कपाटाला कायम कुलूप. मग शिंदेबाई आल्या. त्या साताऱ्याकडच्या, समुद्र त्यांनी इथं येऊन पहिल्यांदा पाहिला. उंच, रुंद हाडाच्या, आवाज असा की व्हरांड्यातून हाक मारली तर खाली बंदरावर माणूस वळून बघेल. त्यांनी आल्या आल्या कपाटाचं कुलूप काढलं आणि पुन्हा कधी लावलं नाही. त्यांचा हुकूम एकच. प्रत्येकानं पुस्तक घरी न्यायचं आणि घरात ज्याला वाचता येत नाही अशा एका माणसाला वाचून दाखवायचं. आमच्या गावात अशा माणसांची टंचाई नव्हती. पुढे शाळेत पुस्तकजत्रा भरणार होती. पालघरहून पुस्तकवाला येणार, गावातले सगळे येणार, आणि प्रत्येक मुलानं आपण घरी वाचलेलं पुस्तक हातात घेऊन त्याची गोष्ट लोकांपुढे सांगायची.

बाईंना मी भयंकर भ्यायची. वाचताना एक शब्द चुकला की त्या टेबलावर पट्टी टक्‌ करून आपटायच्या. ओरडायच्या नाहीत, मारायच्या नाहीत, फक्त टक्‌. आणि शब्द बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. बाईंची आणखी एक सवय होती. स्वतः वाचत असताना कुणी मध्येच हाक मारली, तर त्या पुस्तक उघडंच टेबलावर पालथं घालायच्या आणि उठायच्या. परत आल्या की तेच पान मिळायचं. आम्हां पोरींना ती ऐट फार आवडायची. बाईंसारखी वेणी, बाईंसारखी चाल, आणि बाईंसारखं पुस्तक ठेवणं.

घरात वाचून दाखवायला मला आईच होती. ती वलांडीपाशी बोंबील टांगायची आणि मी बाजूला उलट्या, चुकले, सरळ ठेवलेल्या टोपलीच्या काठाला टेकून वाचायची. सुरुवातीला ती लक्ष नसल्यासारखं करायची. मग मधेच म्हणायची, "त्या राजाला कामधंदा नाय काय? नुसता शिकारीला जातो." कोल्ह्याच्या गोष्टीत तिनं कोल्ह्याची बाजू घेतली. "पोटाला पायजेल ना त्याच्या," म्हणाली. आणि एकदा मी खेळायला निघाले तर मागून हाक आली, "कुंदे, ते म्हातारीचं अर्धं ठेवलंस ते?" मला इतका आनंद झाला की मी खेळ सोडून परत आले. आईनं कुठल्याही गोष्टीत माझ्यावर अवलंबून राहावं असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

मग ते पुस्तक आलं. पातळसं, मळक्या निळ्या कव्हराचं. सोमू नावाचा मुलगा आणि त्याचा मामा. मामा नदीवर होडी चालवून लोकांना पैलतीराला नेतो. बा आणि काका नुकतेच बाहेर गेले होते. मी आधी एकटीनं वाचून मग आईला वाचून दाखवायचं ठरवलं, म्हणजे पट्टी नसली तरी चुका कमी होतील. ओसरीवर बसून वाचत होते. नदीला पूर येतो, होडी मधोमध फिरते आणि उलटते, सोमू पाण्यात पडतो. तेवढ्यात काकीनं मागच्या दारातून हाक मारली, मांजर शिरलंय, पळ. मी बाईंसारखं पुस्तक जमिनीवर पालथं घातलं आणि पळाले.

मांजराला हाकलून परत आले तर आई ओसरीच्या पायरीवर उभी. डोक्यावरची मासळीची पाटी तशीच, तिचं पाणी गालावरून ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती. ती पुस्तकाकडे बघत होती. मी पण बघितलं, आणि मला जे आतापर्यंत दिसलं नव्हतं ते दिसलं. मधला कणा वर, दोन्ही बाजू खाली उतरत्या. पालथी बोट. अगदी तशीच.

आईनं पाटी उतरवली, पुस्तक उचलून मिटलं आणि छातीशी धरलं. "कशाची गोष्ट हाय यात?" तिनं विचारलं.

मला खोटं सुचलंच नाही. "होडी उलटते," मी म्हणाले.

"आन माणसं?"

"ते अजून वाचलं नाय, आय. पोरगा पाण्यात हाय."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुस्तक तसंच घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी शाळेत गेली आणि पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हे आमच्या घरात नको." बाईंना वाटलं, आई वाचनाच्याच विरुद्ध आहे. त्यांनी तिला मुलींच्या शिक्षणावर चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं. आई मान खाली घालून ऐकत राहिली आणि निघून आली. बा समुद्रावर असताना असल्या गोष्टीचं नाव काढणंसुद्धा तिच्यानं झालं नसतं, मग समजावून काय सांगणार. आणि मी दाराआड उभी होते, माझी तर दातखीळच बसली होती.

त्यानंतर वारा फिरला. सगळ्या बोटी एकामागोमाग लवकर परत यायला लागल्या, आणि दर आवाजाला आई हात पुसत उठायची आणि पुन्हा बसायची. आमचं इंजिन काही येईना. शेवटची बोट लागली तिच्यावरच्या तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, सांगितलं की आमची बोट त्यानं वारा सुटायच्या आधी लांबून पाहिली होती, नंतर नाही. सातपाटीच्या बंदराला निरोप गेला. दोन बोटी शोधायला निघाल्या. आमच्या ओसरीवर बायका येऊन बसल्या. काकीनं चुलीवर भात ठेवला आणि तो करपला तरी कुणाला वास आला नाही.

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. सोमू पाण्यात आहे. मी त्याला तिथं सोडून उठले, आणि नंतर आईनं पुस्तक मिटलं, म्हणजे तो अजून तिथंच आहे. जोवर तो बाहेर येत नाही तोवर बा कसा येईल? हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं तर ते खरंच होईल असं वाटायचं. पाणी प्यायले तरी उलटी व्हायची. माझी त्यात काही चूक होती असं मी आजही मानत नाही, पोर होते, पुस्तक वाचत होते. पण भीतीला चूक-बरोबर कुठे कळतं. परवा बोईसरला नातीच्या शाळेत पुस्तकजत्रा होती. फुगे, माईक, खाऊचे स्टॉल, निम्मे पालक हिंदीतून बोलणारे, मला आजी म्हणून गोष्ट सांगायला बोलावलेलं. पहिल्या रांगेतल्या एका छोकरीनं पुस्तक खुर्चीवर पालथं ठेवलं आणि ती पाणी प्यायला गेली. मी माईक तसाच सोडून खाली उतरले आणि ते पुस्तक मिटून ठेवलं. नात म्हणाली, "आजी, तिचं पान गेलं ना." गेलं तर गेलं, दुसऱ्यांदा शोधेल.

बोट बेपत्ता असताना जत्रेचा दिवस उजाडला. बाई आळीत विचारायला आल्या, पुढे ढकलू का. एका म्हाताऱ्या तांडेलानं सांगितलं, भरवा, पोरं तेवढाच वेळ घराबाहेर राहतील. मी गेले ती जत्रेसाठी नव्हे. मला ते पुस्तक हवं होतं. व्हरांड्यात बाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत गावातलंच जुनं जाळं ताणून त्याला चिमट्यांनी पुस्तकं लावली होती. पालघरचा पुस्तकवाला बाकावर कोरी पुस्तकं मांडत होता आणि त्यांचा नवा वास बोंबलांच्या वासात मिसळत होता. मुलं आपापल्या जागी बसून गोष्टी पाठ करत होती. माझ्या नावाच्या चिठ्ठीशेजारी सतरंजीवर तेच निळं पुस्तक होतं. बाईंनी हट्टानं ठेवलं असणार. मी खाली बसले, पान शोधलं आणि वाचू लागले. मामा सोमूला एका फळीवर ढकलतो. फळी वाहत वाहत काठाला लागते. लोक सोमूला ओढून घेतात. मी श्वास सोडला. आणि मग शेवटच्या चार ओळी होत्या. मामा मात्र पुन्हा कुणाला दिसला नाही. सोमू काठावर बसून नदीकडे बघत राहिला. संपलं.

मी पुन्हा वाचलं. तेच होतं. माझे कान बंद झाले, समोरची मुलं ओठ हलवताना दिसत होती आणि आवाज येत नव्हता.

मान वर केली तर आई समोर उभी. मला शोधत आली होती, मागे काकी आणि आळीतल्या बायका. सगळ्या व्हरांड्यातलं बाकी सगळं सोडून माझ्याकडे बघत होत्या, कारण त्या पुस्तकावरून आमच्या घरात काय झालं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मला वाटलं, आता आई ते हिसकावणार. ती माझ्या शेजारी सतरंजीवर बसली, खांद्याला खांदा लावून. तिच्या अंगाला ताप असल्यासारखी धग होती.

"वाच," ती म्हणाली. "अर्धं टाकलंय तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाय. काय झालं त्याचं?"

बायकाही खाली बसल्या. मी वाचलं. सोमू फळीवर चढतो, फळी काठाला लागते, लोक त्याला ओढतात. काकीनं तोंडाला पदर लावला. "आन मामा?" आईनं विचारलं.

शिंदेबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या साडीची कड मला दिसत होती आणि हातातली पट्टीसुद्धा. ते पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं, कपाटातलं एकही पुस्तक त्यांनी वाचल्याशिवाय आमच्या हाती दिलं नव्हतं. मी ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मामानं पालथ्या होडीचा तळ धरला." बायकांत कुणीतरी श्वास आत ओढला. टक्‌ होईल म्हणून मी थांबले. झालं नाही. "होडी पालथी झाली तरी बुडाली नाही, ती तरंगत होती," मी पुढे म्हणाले. एक म्हातारी हळूच बोलली, "बरोबर हाय, लाकडाची हाय ती." मग मला थांबताच येईना. मामा तळाला धरून राहिला. त्याला थंडी वाजत होती. तो घरच्यांची नावं घेत होता. पान संपलं. माझ्या खांद्यावरून बाईंचा हात पुढे आला, त्यांनी पान उलटलं आणि म्हणाल्या, "पुढे वाच, कुंदा." पुढच्या पानावर शाळेच्या शिक्क्याखेरीज काही नव्हतं. त्यावरून मी वाचलं की दुसरी होडी आली, तिच्यावरच्या माणसांनी दोर टाकला, मामाला वर घेतलं, घोंगडी गुंडाळली, काळा चहा पाजला आणि तो घरी आला. "छान वाचलंस," बाई म्हणाल्या. वाचनाबद्दल त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी.

दुपार कलताना खालून ओरडा झाला. सातपाटीच्या एका बोटीनं आमची बोट दोरानं ओढत आणली होती. बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं, इंजिन बंद पडलं, वाऱ्यानं त्यांना पार उत्तरेकडे नेलं होतं. काकाचा हात मोडला होता. बाचे ओठ खाऱ्या पाण्यानं फुटले होते आणि त्याला उभं राहता येत नव्हतं. जत्रा तशीच टाकून सगळं गाव बंदरावर धावलं, पुस्तकवालासुद्धा. आईनं बाला बघितलं आणि मटकन वाळूत बसली. रडायला तिला दोन दिवस लागले.

संध्याकाळी बा भिंतीला टेकून भाताची पेज पीत होता. मी त्याच्या पायाला चिकटून बसले होते, हलायला तयार नव्हते. कुणीतरी त्याला जत्रेचं सांगितलं असावं. "कुंदीनं बोटीची गोष्ट वाचली म्हणं," तो म्हणाला. "त्यातला तो मामा आला ना परत?"

मी होय म्हणायला तोंड उघडलं.

"नाय आला," आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "पुस्तकात तो मेला."

बानं पेज खाली ठेवली. "तुला कसं ठाऊक? तुला कुठं वाचता येतं?"

"अक्षर नाय कळत मला," आई म्हणाली. "कोरं पान कळतं की. बाजूलाच बसलेली मी." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, राखेत विझवलं, आणि मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "उद्या ते पुस्तक परत घेऊन ये. तुझा बा घरात हाय तवर बस माझ्याजवळ, आन जे लिवलंय तेच वाच."